मालिका भीष्मांपाशीच का थांबली?

बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारत’ मालिकेचा ९४वा आणि शेवटचा भाग दूरदर्शनवर २४ जून १९९० रोजी, रविवारी सकाळी दाखवला गेला. युद्ध संपलेलं, युधिष्ठिराला राज्य मिळालेलं, शरपंजरी पडलेले भीष्म त्याला चार गोष्टी सांगतात, हस्तिनापूर सुरक्षित झालं म्हणून प्राण सोडतात आणि मालिका संपते. चातुर्मासात देवळात किंवा कुणाच्या ओसरीवर श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ ऐकलेल्या मराठी प्रेक्षकाला हा शेवट चुकल्यासारखा वाटला तर नवल नाही. १७१२ सालच्या त्या ६४ अध्यायांच्या पोथीची समाप्ती होते ती पांडवांच्या स्वर्गारोहणाने. यादव आपसात लढून मरतात, पारध्याचा बाण श्रीकृष्णाच्या पायाला लागतो, पांडव हिमालयाची वाट धरतात, एकेक जण गळून पडतो आणि धर्मराजाबरोबर उरतं ते एक कुत्रं. यातलं काहीच पडद्यावर आलं नाही. अठरा पर्वांपैकी तेरावं अनुशासनपर्व जिथे संपतं तिथेच मालिकेने पाय रोवले. २०२० च्या टाळेबंदीत ती पुन्हा दाखवली गेली तेव्हा नव्या पिढीलाही तोच प्रश्न पडला असणार: पुढचं कुठे गेलं?

सोपं उत्तर असं देता येईल की पावणेदोन वर्षं चाललेली मालिका कुठेतरी आवरायला हवी होती आणि युद्धानंतर प्रेक्षक टिकला नसता. व्यवहार म्हणून ते खरंही असेल, पण मालिकेची सुरुवात आठवली की हे उत्तर तोकडं पडतं. पहिल्या भागात पांडव नाहीत, कौरव नाहीत, भीष्मसुद्धा नाहीत. तिथे आहे राजा भरत. राज बब्बर यांनी ती छोटी भूमिका केली होती. हा भरत आपल्या पोटच्या मुलांपैकी एकालाही राज्याच्या लायक समजत नाही आणि भूमन्यूला युवराज करतो. राजाचं पहिलं नातं प्रजेशी, मग मुलांशी, हा त्याचा निवाडा. ‘समय’ नावाचा निवेदक ही गोष्ट कथेच्या उंबऱ्यावरच प्रेक्षकाला बजावून ठेवतो. पुढे शंतनू सत्यवतीच्या मोहात पडतो, तिचा बाप होणाऱ्या नातवासाठी गादी मागतो आणि देवव्रत ती भीषण प्रतिज्ञा घेतो. म्हणजे अजून जन्माला न आलेल्या मुलाला, त्याचे गुण न बघता, केवळ जन्मावर राज्य लिहून दिलं जातं. भरताने घालून दिलेला पायंडा इथे मोडतो. मालिका कुणाच्या हिशेबाची आहे ते या दोन प्रसंगांतून कळतं. तो हिशेब पांडवांच्या विजयाचा नाही, एका प्रतिज्ञेचा आहे. आणि प्रतिज्ञा करणारा जिवंत असेपर्यंत तो मिटत नाही. अखेरच्या भागात भीष्म तो स्वतः मिटवतात. पिता, पुत्र, परंपरा, प्रतिज्ञा यांपैकी काहीही देशापेक्षा मोठं नसतं, असं ते सांगतात तेव्हा बोट स्वतःकडेच असतं. पहिल्या भागात भरताने केलेल्या निवाड्याला हे ९४व्या भागातलं उत्तर आहे. असं पाहिलं की शेवट तुटका वाटत नाही. गोष्ट भीष्मांची होती, त्यांच्यापाशी संपली.

पण भीष्म त्या भागात आणखी एक गोष्ट सांगतात आणि ती जास्त अवघड आहे. देशाच्या सीमेला ते आईच्या वस्त्राची उपमा देतात आणि विभाजनाला कधी मान तुकवू नकोस, असं युधिष्ठिराला बजावतात. कुरुक्षेत्राचं मूळ राज्याच्या फाळणीत आहे, असा त्या बोलण्याचा रोख. मूळ ग्रंथात भीष्मांचा उपदेश शांतिपर्व आणि अनुशासनपर्व अशी दोन अवाढव्य पर्वं व्यापतो. राजधर्म, आपद्धर्म, मोक्षधर्म, दानाचे प्रकार, असं सगळं त्यात आहे. पण हा उपदेश या रूपात त्यात नाही. तो कुठून आला हे कळायला संवाद लिहिणाऱ्याकडे बघावं लागतं. राही मासूम रझा हे गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौलीचे. त्यांची ‘आधा गाँव’ ही १९६६ची कादंबरी पाकिस्तानच्या मागणीने एका गावातली माणसं कशी उसवत गेली, त्याचीच आहे. आणि चोप्रा स्वतः १९४७ पूर्वी लाहोरात सिनेपत्रकार होते. फाळणीने ते शहर त्यांच्या हातून गेलं. फाळणीने पोळलेल्या या दोघांनी शरशय्येवरच्या म्हाताऱ्याच्या तोंडी १९४७ ची जखम घातली.

यावर पहिला आक्षेप येतो तो शुद्धतेचा. व्यासांच्या ग्रंथात आजचं राजकारण का कोंबायचं? मला हा आक्षेप फार वजनदार वाटत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळपास अर्धशतक खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. प्रांतोप्रांतीच्या पोथ्या ताडून पाहिल्यावर त्यातून ठळकपणे दिसलं ते हेच की प्रत्येक काळाने या ग्रंथात आपली भर घातली आहे. सांगणाऱ्याने आपल्या काळाचं दुखणं कथेत आणणं ही महाभारताची जुनी रीतच आहे. शिवाय रझांनी हा उपदेश शेवटी अचानक चिकटवलेला नाही, पहिल्या भागापासून त्याची पायवाट पाडली आहे. तेव्हा भर घातली म्हणून दोष देण्यात अर्थ नाही. घातलेली भर कथेतल्याच पुराव्याला धरून आहे का, हे मात्र विचारायला हवं.

इथे नांदेड जिल्ह्यातल्या हदगावकडच्या माणसाने जरा थांबावं. वाटणी म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायला नको. इसापूर धरणाच्या कालव्याचं पाणी ज्या रानाला पोचतं आणि ज्याला पोचत नाही, त्यातला फरक दोन भाऊ वेगळे निघताना बरोबर कळतो. महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलमध्ये वाटणीचे अर्ज पडतात ते भावांनी एकमेकांच्या जिवावर उठावं म्हणून नाही. उठू नये म्हणून. भाऊबंदकी पेटते ती बहुतेकदा वाटणी झाल्याने नव्हे. काळी एकाला आणि बरड दुसऱ्याला गेली की पेटते, नाहीतर झालेली वाटणी एकाने मागाहून गिळली की पेटते. महाभारत या नजरेने वाचलं तर अगदी ओळखीचं वाटतं. पांडवांना खांडवप्रस्थ मिळतं, म्हणजे माळरान आणि जंगल. ते त्यांनी कष्टाने पिकतं केलं, इंद्रप्रस्थ उभं राहिलं आणि मग द्यूतात ते काढून घेतलं गेलं. तेरा वर्षांनी श्रीकृष्ण शिष्टाईला गेले तेव्हा मागणी पाच गावांवर आली होती. दुर्योधनाने सुईच्या अग्रावर मावेल एवढीही जमीन द्यायची नाही, असं ठरवलं आणि युद्ध झालं. हे सगळं मालिकेनेच सविस्तर दाखवलं आहे. मग युद्ध वाटणीने झालं की वाटणी नाकारल्याने? आदिपर्वात तर पांडवांना अर्धं राज्य द्यावं हा सल्ला स्वतः भीष्मांचा आहे, आणि द्रोण व विदुर त्याला दुजोरा देतात. शरशय्येवरचे टीव्हीतले भीष्म आपल्या एका शहाण्या सल्ल्यालाच चूक ठरवून जातात.

कुणी म्हणेल, भावांची शेती आणि देश यांची तुलना कशी करणार? १९४७ मध्ये जे घडलं त्यात लाखो माणसं मेली. बांधावरच्या भांडणाशी त्याचं मोजमाप नको. हे मान्य करायला हवं. रझांची वेदना खोटी नाही आणि धर्माच्या नावाने देश कापण्याविषयीचा त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण कुरूंची वाटणी तशी नव्हती. एकाच कुळातल्या दोन शाखांनी एका राज्याचे दोन कारभार केले होते. तसं उदाहरण शोधायचं तर नांदेड जिल्ह्याला लांब जावं लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे भाषेनुसार तीन भाग झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि नांदेड जिल्ह्यातला मुधोळ तालुका आंध्रात गेला. सीमेवरच्या गावांची कुरकुर राहिली, काही ठिकाणी आजही आहे; पण कुरुक्षेत्र झालं नाही. विचारपूर्वक, संमतीने केलेलं विभाजन आणि सुडाने लादलेलं विभाजन यांना मालिकेतले भीष्म एकाच मापाने मोजतात, ही त्या शेवटाची खरी अडचण आहे.

ती सोडवण्याचा एक मार्ग आहे. तो उपदेश लेखकाचा निष्कर्ष न मानता पात्राचं बोलणं मानावं. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये भीष्मांकडे असंच, भक्तिभाव बाजूला ठेवून पाहिलं. त्यागाच्या नावाखाली कुळाचा भार जन्मभर वाहणारा, त्या भारापायी राजकन्यांच्या आयुष्यांची माती करणारा आणि शेवटी हाती फारसं काही न लागलेला माणूस त्यांना तिथे दिसला. हा चष्मा लावला तर शेवटच्या भागातले भीष्म जास्त खरे वाटतात. आपली प्रतिज्ञा चुकली हे ते कबूल करतात, पण अखंड हस्तिनापुराची ओढ त्यांना मरतानाही सुटत नाही. प्रतिज्ञा आणि ही ओढ एकाच मुळाच्या आहेत हे त्यांच्या लक्षात येत नाही. अर्थात मालिकेचं संगीत, कॅमेरा आणि भोवती हात जोडून उभे असलेले पांडव आपल्याला असं ऐकू देत नाहीत. तिथे शंकेला जागाच ठेवलेली नाही; सगळं चित्रण हा उपदेश शिरसावंद्य माना असंच सांगतं. पुढची पाच पर्वं आली असती तर ती जागा आपोआप निर्माण झाली असती.

कारण वगळलेल्या भागात नुसता हिमालय आणि कुत्रं नाही. युद्धाला छत्तीस वर्षं झाल्यावर यादवांचा संहार होतो, द्वारका समुद्रात बुडते आणि उरल्यासुरल्या माणसांना घेऊन अर्जुन परततो. श्रीकृष्णाचा पणतू वज्र त्यांत असतो. युधिष्ठिर राज्य सोडून निघतो तेव्हा एक व्यवस्था लावून जातो आणि ती नीट पाळली जाईल याची जबाबदारी सुभद्रेला देतो. परीक्षित हस्तिनापुरात राज्य करील, वज्र इंद्रप्रस्थात. भीष्मांच्या पायाशी बसून उपदेश ऐकलेला धर्मराज राज्यावरून शेवटचा हात काढतो तो त्याचे पुन्हा दोन भाग करूनच.