सोबा चोको : मुठीत मावणारी निळाई

जपानच्या क्यूशू बेटावरचं आरिता हे डोंगरातलं गाव. 17व्या शतकाच्या सुरुवातीला इथे पोर्सिलेनची माती सापडली आणि कोरियातून आणलेल्या कुंभारांच्या हातून जपानी पोर्सिलेन सुरू झालं. शोधाचा मान परंपरेने यी साम-प्योंग यांना दिला जातो. माल जवळच्या इमारी बंदरातून जहाजावर चढे, म्हणून या भांड्यांना नाव मिळालं ते बंदराचं!

आरिताच्याच भट्ट्यांमधला सोबा चोको म्हणजे बिनकानाचा, वर किंचित पसरत गेलेला छोटा पेला. आधी तो जेवणाच्या ताटात तोंडीलावण्याची वाटी म्हणून वावरला. पुढे त्यात सोबा शेवयांचा रस्सा आला.

पेल्यावरच्या नक्षीतला कोबाल्टचा रंग लावताना मळकट, काळपट दिसतो. त्यावर पारदर्शक झिलई चढवून सुमारे 1300 अंशांवर भाजलं की निळा उमटतो. जुन्या पेल्यांमधला हा निळा बहुधा राखाडीकडे झुकलेला, कुठे गडद, कुठे विरलेला. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातला कृत्रिम कोबाल्ट आला आणि निळा भडक झाला. जुन्यापुढे तो जरा बटबटीतच वाटतो.

पेल्याचं वय ओळखायला जाणकार तो आधी उलटा करतात. 18व्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या अनेक पेल्यांच्या बुडाला झिलई पुसून काढलेलं रुंद, कोरडं कडं असतं. काहींच्या आत तळाशी पाच पाकळ्यांचं फूल दिसतं, कधी ठशाने उमटवलेलं, कधी हाताने काढलेलं. अगदी एकसारखी, बारीक ठिपक्यांची नक्षी असेल, तर ती 19व्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या मेइजी काळातली साच्याची छपाई असण्याची शक्यता मोठी.