'वढाय' म्हणजे चंचल नव्हे

बहिणाबाई चौधरींच्या 'मन' या कवितेतल्या 'वढाय' शब्दाचा अर्थ सर्रास 'चंचल' असा सांगितला जातो. इंग्रजीत नेताना त्याचा 'फिकल' होतो आणि चूक पक्की होते. वढाय म्हणजे ओढाळ. खानदेशात ळचा य होतो, काळा 'काया' आणि डोळा 'डोया'; आरंभीच्या ओचा व होतो, ओढणं 'वढणं'. ओढाळ हे ढोराचं विशेषण आहे. कळप सोडून परक्याच्या पिकात शिरणारं, हाकललं तरी पुन्हा तिथंच वळणारं, गळ्यात लोढणं अडकवावं लागतं असं ढोर. चंचल माणसाचं कशावरच चित्त ठरत नाही; ओढाळ ढोराचं चित्त मात्र हिरव्या पिकावर पक्कं ठरलेलं असतं. तिथं अस्थिरपणा नाही, हट्ट आहे. शेतात राबलेल्या बाईला हा फरक ठाऊक होता, म्हणून तर कवितेत या शब्दालगत उभं पीक आणि ढोर येतं. अर्थ समोर मांडलेला असताना तो पुसून टाकायचा कशासाठी?

यावर आक्षेप येतो, की त्याच कवितेत मन वाऱ्यासारखं, पाखरासारखंही आहे. मग चंचल का नको? चंचलपणा कवितेत आहेच, पण तो त्या प्रतिमांनी पेलला आहे. सगळा भार 'वढाय'वर टाकला की पहिली प्रतिमा फुकट जाते. दुसरा आक्षेप व्युत्पत्तीचा: शब्द 'ओढ'शी जोडला, तर 'ओढ लावणारं मन' का म्हणू नये? कारण अर्थ वापरातून ठरतो, आणि ओढाळचा वापर जुना आहे, तुकोबांच्या अभंगातही तो सापडतो. नुसत्या ध्वनिसाम्यावर विसंबलं की काय होतं, ते इंग्रजी 'कॅप्रिशस'मध्ये दिसतं. लहरी या अर्थाचा हा शब्द बकरीच्या उड्यांवरून आला असं सांगतात. पण त्यामागच्या इटालियन 'कॅप्रिच्चो'चा जुना अर्थ अंगावर काटा येणं, शहारा असा होता. बकरी मागाहून चिकटली. 'वढाय'मधलं ढोर मात्र मुळापासूनचं आहे.

आणखी दोन गैरसमज. 'वढाय' अशुद्ध नाही. ळचा य हा खानदेशातल्या बोलीचा नियम आहे. आणि बहिणाबाईंची कविता अहिराणीतली नव्हे. धुळ्याकडच्या अहिराणीत 'घरना', 'घरमा', 'शे' अशी रूपं येतात. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंची बोली लेवा, तिचे प्रत्यय चा-ची-च्या वळणाचे.