हळदीचा नमुना आणि प्रकाशाचा सचोटीचा व्यवहार

हिंगोली-वसमतच्या मोंढ्यात हळदीचा सौदा डोळ्यांनी आणि बोटांनी होतो. खरेदीदार ढिगातून एखादे हळकुंड उचलतो, मोडतो, आतला गाभा निरखतो आणि मगच भावाची भाषा सुरू होते. वसमत हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभल्यापासून पेढीवरचा माल पाकिटांतून दूरच्या ग्राहकांपर्यंत नेण्यास नवे बळ मिळाले आहे. त्या ग्राहकाला मात्र हळकुंड मोडून पाहता येत नाही. त्याच्यापुढे असते ते केवळ छायाचित्र. तोच त्याचा नमुना.

हा नमुना घरीच, दोन-तीन सुट्या फ्लॅशच्या साहाय्याने उत्तम टिपता येतो. पहिली अडचण मिश्र प्रकाशाची. खिडकीतले ऊन, ट्यूबलाइट आणि फ्लॅश यांच्या छटा भिन्न असतात. रंगीत भिंतीची झाकही मालावर पडते. म्हणून पडदे ओढावेत आणि कॅमेरा मॅन्युअलवर ठेवावा: शटर १/१२५ सेकंद, ॲपर्चर एफ ११, आयएसओ १००. मग फ्लॅश बंद ठेवून एक छायाचित्र घ्यावे. ते काळे आले, म्हणजे खोलीतला प्रकाश चित्रात उतरत नाही.

यानंतर फ्लॅश एकेक करून लावावेत. मुख्य फ्लॅश एका बाजूने, किंचित मागून असावा आणि त्याच्यापुढे थोड्या अंतरावर ट्रेसिंग पेपर ताणलेला असावा. हळकुंडावरील वलये व सुरकुत्या अशा तिरप्या प्रकाशातच उठून दिसतात. दुसरा फ्लॅश मागच्या पांढऱ्या कागदावर रोखावा. सावलीच्या बाजूस तिसरा अगदी मंद ठेवावा. तो नसल्यास पांढरा पुठ्ठाही पुरतो. फ्लॅशचे अंतर दुप्पट केले की प्रकाश साधारण चौथाईवर येतो, एवढे ध्यानी ठेवले तरी पुष्कळ चाचपडणे वाचते.

चकचकीत पाकीट आरशासारखे वागते. प्रकाश ज्या कोनातून येतो, त्याच कोनातून परततो. म्हणून अक्षरांवरील पांढरा डाग सरकेपर्यंत पाकीट किंवा फ्लॅश थोडाथोडा फिरवावा.

खरी कसोटी रंगाची. चौकट पिवळ्या रंगाने भरली की कॅमेऱ्याचा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स तो प्रकाशाचाच दोष समजू शकतो आणि हळद फिकी पडते. यासाठी त्याच प्रकाशात आधी करडे कार्ड टिपून त्यावरून व्हाइट बॅलन्स ठरवावा. हळद तासन्‌तास उन्हातही मांडून ठेवू नये. तिच्यातील कुरकुमिन तीव्र प्रकाशाने विटते. फ्लॅश क्षणार्धात विझत असल्याने ते भय राहत नाही.

शेवटी संगणकावर रंग गडद करण्याचा मोह होतो. एका बोटाच्या हालचालीने साधी हळद केशरी दिसू लागते. पण पाकीट उघडताच ते पितळ उघडे पडते. १९३० च्या मालविक्री कायद्यातील १७ वे कलम सांगते की नमुन्यावरून विक्री झाली, तर माल गुणवत्तेत नमुन्याशी जुळला पाहिजे. आपल्या परंपरेने तर अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोट्या मापांबरोबर प्रतिरूपक व्यवहारही गणला आहे. म्हणून चित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी प्रत्यक्ष हळद पडद्याशेजारी ठेवून पाहावी. दोन्हींचा रंग जुळला, तरच तो नमुना पेढीच्या नावाने बाहेर पडावा.