माल आपला, मग भाव आणि वजन दुसऱ्याचं का?



धंदा कोणताही घ्या, तो बहुतेक वेळा एकाच जागी अडकतो. माल हातातून गेलेला असतो आणि पैसा हातात आलेला नसतो. या मधल्या वेळात ज्याच्याकडे हिशोब आणि थोडी शिल्लक असते तो टिकतो. बाकीच्यांना उचल घ्यावी लागते. आणि एकदा उचल घेतली की भाव दुसरा ठरवतो.

आपला माल तर सगळ्यात नाजूक. सकाळी जाळं ओढलं की दुपारच्या आत मासा विकावाच लागतो. बर्फ नसेल तर रोहू-कटला उन्हात किती वेळ टिकणार? हे व्यापाऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. म्हणून तो थांबतो, घाई आपल्याला असते. वर काटा त्याचा, घट त्याची, वहीसुद्धा त्याचीच. मग वर्षभर डोंगा हाकून आपल्या हाती काय उरलं, हे सांगायला आपल्याकडे कागद नसतो.

दुसऱ्या धंद्यांनी ही अडचण कशी सोडवली ते पाहू. लांब जायची गरज नाही. बालाघाट जिल्ह्यात राईस मिल कुणी पाहिली नाही? गाडी आली की मिलवाला आधी धानातली ओल पाहतो, मग वजन करतो, मगच भावाचं बोलतो. धान भरडल्यावर तांदूळ वेगळा, कनकी वेगळी, कोंडा तेलासाठी, तूस भट्टीसाठी. फुकट काही जात नाही. आपण मात्र मोठा कटला आणि लहान मृगळ एकाच टोपल्यात टाकतो आणि सगळ्याला एकच भाव घेतो. नग निवडून तीन ढीग केले तर अर्धा तास जास्त लागेल, पण मोठ्या माशाला मोठ्याचा भाव मागता येईल.

दुधाचं बघा. दूधही माशासारखंच नासकं. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात शेतकऱ्यांचं दूध मुंबईला जायचं आणि भाव व्यापारी ठरवायचा. १९४६ साली तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःचा संघ काढला, तोच पुढे अमूल झाला. त्यांच्या यशामागे मोठमोठी यंत्रं आहेतच, पण पाया गावातल्या डेअरीत आहे. सकाळ-संध्याकाळ दूध समोर मोजायचं, फॅट समोर तपासायचं, नोंद करायची, ठरलेल्या दिवशी पैसे द्यायचे. एका म्हशीवाल्यालाही तोच नियम आणि दहा म्हशीवाल्यालाही तोच.

तिसरं उदाहरण आपल्या माय-बहिणींचं. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचं लिज्जत. मळलेलं पीठ घरी न्यायचं, पापड लाटून, वाळवून आणायचे, वजन करून द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची. पापड बरोबर नसेल तर तो घेतला जात नाही, मग लाटणारी कोणीही असो. नफा-तोटा सगळ्या बहिणींचा.

तिन्ही ठिकाणी गोष्ट एकच: वजन समोर, नोंद लगेच, नियम सगळ्यांना सारखा. यातलं एकही काम करायला मोठं भांडवल लागत नाही.

पण आपल्या धंद्यात एक गोष्ट वेगळी आहे. म्हैस थोडंफार दूध देतच राहते, पापड बारा महिने लाटता येतो. आपल्याकडे १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद. मासा अंडी देतो, ते गरजेचंच आहे. पण त्याच दोन महिन्यांत पोरांची शाळा सुरू होते, घराचं छप्पर गळतं, आणि तलावात बीज सोडायचे दिवसही लगेच येतात. उचल घ्यायची पाळी येते ती याच वेळी.

यावर उपाय आपल्याच राज्यात वापरला गेला आहे. मत्स्य महासंघाच्या मोठ्या जलाशयांवर स्थगित मजुरीची पद्धत आहे. हंगामात किलोमागे थोडी रक्कम बाजूला ठेवायची आणि बंदीच्या काळात मच्छीमाराला परत द्यायची. होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम जिल्ह्यात तवा जलाशयावर तर विस्थापित गावांतल्या मच्छीमारांनी तवा मत्स्य संघ उभा केला आणि १९९६ ते २००६ तिथली मासेमारी स्वतः चालवली. बीज सोडलं, बंदी पाळली, मासा एकत्र करून बाहेरच्या बाजारात विकला. पुढे पट्टा राहिला नाही, ते दुःख आहेच. पण मच्छीमाराला फक्त जाळं टाकता येतं, धंदा चालवता येत नाही, असं म्हणणाऱ्यांना त्या दहा वर्षांनी उत्तर दिलं.

आता आपला हिशोब करू. समजा एक सभासद रोज ४ किलो मासा आणतो आणि वर्षात २०० दिवस पाण्यावर जातो. झाले ८०० किलो. किलोमागे ५ रुपये त्याच्या नावावर ठेवले तर बंदीच्या काळात त्याच्या हातात ४,००० रुपये. आणखी ५ रुपये बीजासाठी ठेवले तर असे दहा सभासद मिळून ४०,००० रुपये होतात. मग बोटुकली घ्यायला कुणाच्या दारात उभं राहायची पाळी येणार नाही.

काही जण म्हणतील, आजचंच पुरत नाही, त्यात १० रुपये कसे कापायचे? प्रश्न खरा आहे. ज्याच्या डोक्यावर उचल आहे त्याला पहिल्या वर्षी जड जाईल. त्याच्यासाठी पहिल्या हंगामात किलोमागे २ रुपयांपासून सुरुवात करता येईल. पण हेही मोजा की वजनात जाणारी घट आणि पाडलेला भाव आजही कापला जातोच आहे. तो पैसा मात्र परत येत नाही.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत तीन ठराव ठेवतो आहे. एक, काटा संस्थेचा असेल, वजन सभासदासमोर होईल आणि चिठ्ठी त्याच दिवशी मिळेल. दोन, बंदीचा वाटा आणि बीजाचा वाटा वेगवेगळ्या खात्यांत राहतील, त्यातून दुसरा खर्च होणार नाही. तीन, दर महिन्याला जमा-खर्च फळ्यावर लिहिला जाईल, म्हणजे कोणालाही वाचता येईल आणि विचारता येईल.

नाववाल्यांनी आणि जाळेवाल्यांनी, दोघांनीही यावं. घरातल्या बायकांनाही आणा, कारण बाजारात टोपली घेऊन बसतात त्याच, आणि भाव कुठे पडतो हे त्यांना जास्त कळतं. विरोध असेल तर तोही सभेत उभं राहून मांडा. ठराव दुरुस्त करता येतो, पण वर्ष असंच गेलं तर पुढच्या १६ जूनला पुन्हा तीच उचल आहे.

— सचिव