स्टेशनपासून दहा मिनिटांवर

'घर पाहावं बांधून' असं आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेत ते बहुधा मॉर्गेज काढून पाहावं लागतं! पण घर पाहण्याची आपली मूळची कसोटी कोणती होती, ते जरा आठवा. डोंबिवली असो, ठाणं असो की पार्लं, जागा बघायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न 'स्टेशनपासून किती लांब?' हाच असे. 'चालत दहा मिनिटं' असं उत्तर मिळालं (ती प्रत्यक्षात वीस निघायची, हा भाग वेगळा) की मगच पुढची बोलणी. इथे आल्यावर ही कसोटी बदलली. शाळा कशा आहेत, गॅरेज दोन गाड्यांचं आहे का, बॅकयार्ड केवढं, हे आपण विचारतो. स्टेशन मागे पडलं.

त्याची किंमत घरातली गाडी न चालवणारी मंडळी मोजतात. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा आपण ऑफिसला गेलो की संध्याकाळपर्यंत खिडकीशी. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी मुलगा-सून घरी येईपर्यंत थांबायचं. पंधरा वर्षांचा नातूही तितकाच अडकलेला. आणि सत्तरच्या दशकात इथे आलेली आपली पहिली पिढी आता स्वतःच आजी-आजोबा झाली आहे. उद्या डॉक्टर म्हणाले, 'आता गाडी चालवू नका,' तर दूध आणायला तरी कोण जाणार?

हा प्रश्न घरगुती दिसतो, पण त्याचं उत्तर घरात सापडत नाही. ते टाऊनशिपच्या सभागृहात ठरतं. रेल्वे-बस, परवडणारी घरं आणि चालता येतील असे रस्ते, या तीन गोष्टी एकत्र मागणाऱ्या संस्था आणि माणसं या देशात बरीच वर्षं काम करत आहेत. आम्ही इथे न्यू जर्सीपुरतं लिहितो. एक तर आपली वस्ती तिथे मोठी आहे. आणि दुसरं म्हणजे, या विषयावरचा देशातला सर्वांत गाजलेला खटला तिथलाच.

छत्तीस घरांची गोष्ट

राज्याच्या दक्षिण भागात, बर्लिंग्टन काऊंटीत माऊंट लॉरेल नावाची टाऊनशिप आहे. तिथे एथेल लॉरेन्स ही कृष्णवर्णीय शिक्षिका राहत असे. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावचं. साठीच्या दशकात शेतांच्या जागी नवे बंगले उठू लागले, तशी जुन्या गरीब कुटुंबांना राहायला जागा उरेना. मग काही गावकऱ्यांनी मिळून छत्तीस साध्या गार्डन अपार्टमेंट्सची योजना आखली. टाऊनशिपने नकार दिला. झोनिंगच्या नियमांत असली घरं बसतच नव्हती. ज्यांना इथे राहणं परवडत नाही त्यांनी गाव सोडावं, अशा अर्थाचं उत्तर १९७० साली नगराध्यक्षांनी एका सभेत दिलं.

१९७१ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. १९७५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की अशा वाढत्या गावाने आपल्या जमिनीचे नियम केवळ सधनांसाठी आखता कामा नयेत. सगळ्या परिसराला लागणाऱ्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या घरांतला न्याय्य वाटा प्रत्येक गावाने उचलला पाहिजे. त्यातला 'परिसर' हा शब्द महत्त्वाचा. न्यू जर्सीत आज ५६४ नगरपालिका आहेत आणि प्रत्येकीचं झोनिंग वेगळं. 'आमच्याकडे नको, शेजारच्या गावात बांधा' असं प्रत्येकाने म्हटलं, तर घर कुठेच होत नाही.

गावं असं का म्हणतात, त्यामागे एक हिशेब आहे. इथल्या शाळा बऱ्याच अंशी प्रॉपर्टी टॅक्सवर चालतात. मोठं घर म्हणजे जास्त टॅक्स. छोटं घर आणि त्यात तीन मुलं म्हणजे शाळेवर खर्च. म्हणून मोठ्या प्लॉटची अट घालायची, अपार्टमेंट्स झालीच तर बेडरूम कमी ठेवायला लावायच्या. अशी युक्ती माऊंट लॉरेलनेही केली होती आणि कोर्टाने तिच्यावर बोट ठेवलं.

निकाल लागला, पण घरं झाली नाहीत. १९८३ मध्ये कोर्टाने दुसरा, अधिक कडक निकाल दिला. त्यानंतर परवडणारी घरं सामावणारा बिल्डर आडमुठ्या गावावर खटला भरून परवानगी मिळवू लागला. १९८५ मध्ये विधिमंडळाने फेअर हाऊसिंग ॲक्ट केला. त्यात एक पळवाट होती. श्रीमंत गाव दुसऱ्या, बहुधा गरीब, शहराला पैसे देऊन आपला निम्म्यापर्यंतचा वाटा तिकडे ढकलू शकत असे. ही सोय २००८ मध्ये बंद झाली. या कामासाठी नेमलेलं मंडळ वर्षानुवर्षं नियमच करेना, तेव्हा २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विषय पुन्हा कोर्टांकडे घेतला. शेवटी २०२४ च्या कायद्याने ते मंडळच बरखास्त झालं, आणि १ जुलै २०२५ पासूनच्या दहा वर्षांसाठी प्रत्येक गावाचा वाटा ठरवण्याची नवी पद्धत आली. या सगळ्या वाटचालीत चेरी हिलच्या 'फेअर शेअर हाऊसिंग सेंटर'ने चिकाटीने पाठपुरावा केला.

आणि ती मूळची घरं? माऊंट लॉरेलने १९९७ मध्ये परवानगी दिली, २००० साली लोक राहायला आले. एथेल लॉरेन्स १९९४ मध्येच गेली होती. आज त्या १४० घरांच्या वसाहतीला तिचं नाव आहे. ही वसाहत झाली तर गुन्हे वाढतील, घरांच्या किमती पडतील, टॅक्स वाढेल असं भाकीत होतं. प्रिन्स्टन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांशी तुलना करून अभ्यास केला आणि तो २०१३ मध्ये पुस्तकरूपाने आला. तिन्हींपैकी काहीही झालं नव्हतं.

आपला पहिला पत्ता

मंडळी, 'गार्डन अपार्टमेंट' हा शब्द आपल्याला परका नाही. विटांच्या दोन मजली चाळवजा इमारती, मध्ये हिरवळ, भाडं आवाक्यातलं. एडिसन, आयझलिन भागात आलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांचा पहिला पत्ता असाच होता. १९७१ मध्ये आयझलिनला मेट्रोपार्क स्टेशन झालं. तिथून न्यूयॉर्कला थेट गाडी. नवरा गाडीने नोकरीवर, शेजारीपाजारी चार देशी कुटुंबं. पुढे ओक ट्री रोडवर देशी दुकानं लागली ती याच वस्तीच्या जोरावर. माऊंट लॉरेलने नाकारलेली घरं साधारण याच जातीची होती. ती आपल्या वाट्याला आली, कारण कोणत्या तरी गावाने कधी तरी 'हो' म्हटलं होतं.

म्हणून आज आपल्या गावच्या प्लॅनिंग बोर्डापुढे अपार्टमेंट्सचा प्रस्ताव आला की आपण कुठल्या बाजूला उभे राहतो, हा प्रश्न आहे. विरोध करणाऱ्यांत आपली माणसंही असतात. त्यांची तक्रार सगळीच खोटी नाही. बिल्डरच्या हातून होणाऱ्या प्रकल्पात साधारण पाचातलं एक घर परवडणारं असतं, बाकीची चार बाजारभावाची. ती मोठी वसाहत पुष्कळदा हायवेच्या कडेला उभी राहते, जिथे बस नाही आणि फुटपाथही नाही. मग प्रत्येक घराच्या दोन गाड्या रस्त्यावर येतात आणि लोक म्हणतात, 'पाहा, ट्रॅफिक वाढलं!' दोष घरांचा नसून जागेचा आहे. हीच घरं स्टेशनपासून दहा मिनिटांवर असती तर?

तशी सोय राज्याने केलेली आहे. १९९९ मध्ये 'ट्रान्झिट व्हिलेज' योजना सुरू झाली. स्टेशनभोवतीच्या अर्ध्या मैलात घरं, दुकानं आणि चालण्याजोगे रस्ते करणाऱ्या गावाला तीत उत्तेजन मिळतं. एडिसनला खेटून असलेलं मेटचन त्यांपैकी एक. तिथे स्टेशनलगतच्या उघड्या पार्किंगच्या जागी घरं, किराणा-भाजीचं मोठं दुकान, बसायला चौक आणि गाड्यांसाठी बहुमजली इमारत झाली. आजोबा गाडीतून उतरून भाजी घेऊन पायी घरी जाऊ शकतील, अशी रचना.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. रेल्वे सुधारली की घरं महागतात. १९९६ मध्ये मॉरिस-एसेक्स भागातून थेट मॅनहॅटनच्या पेन स्टेशनला गाड्या सुरू झाल्या आणि त्या स्टेशनांजवळच्या घरांचे भाव चढले, असं 'रीजनल प्लॅन असोसिएशन'च्या २०१० च्या अभ्यासात दिसलं. म्हणून रेल्वे मागताना परवडणारी घरंही त्याच श्वासात मागावी लागतात. नाहीतर गरीब माणूस स्टेशनपासून लांब ढकलला जातो. विरार-बदलापूरची गर्दी ज्यांनी सोसली आहे त्यांना हे उलगडून सांगायला नको. परवडणाऱ्या घरांसाठी इथेही लॉटरी निघते, तेव्हा म्हाडाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

रेल्वेचं घोडंही अडखळत चालतं. हडसन नदीखालचे बोगदे १९१० चे. नव्या बोगद्यांचा प्रकल्प ऑक्टोबर २०१० मध्ये राज्याच्या गव्हर्नरांनी खर्चाचं कारण देऊन रद्द केला. दोनच वर्षांनी सँडी वादळात जुन्या बोगद्यांत खारं पाणी शिरलं. नवं काम सुरू व्हायला २०२३ उजाडलं. चालणाऱ्यांच्या बाबतीत मात्र राज्य पुढे आहे. रस्ता बांधताना पायी, सायकलवर आणि बसने जाणाऱ्यांचाही विचार व्हावा, असं धोरण राज्याच्या वाहतूक खात्याने २००९ मध्ये स्वीकारलं. २०१० पासून क्रॉसवॉकवर माणूस असेल तर गाडी नुसती हळू करून भागत नाही, थांबवावीच लागते. आई-बाबांना हे जरूर सांगा. पण गाडी खरंच थांबली आहे ना, हे पाहूनच पाऊल टाका असंही सांगा!

दोनशे फुटांची नोटीस

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. नवा प्रकल्प आला की कायद्याने त्याची नोटीस दोनशे फुटांच्या आतल्या मालमत्तेच्या मालकांना घरपोच जाते. ती जाहीरपणेही प्रसिद्ध होते, पण ती वाचतो कोण? म्हणजे ज्यांना बांधकामाचा त्रास होणार त्यांना पत्र मिळतं. जे त्या घरांत राहणार, त्यांना मिळत नाही. ते अजून तिथे राहतच नाहीत! त्यात वृद्धाश्रमातली मदतनीस असते, शाळेची बस चालवणारा असतो, नुकतीच नोकरीला लागलेली आणि आपल्याच गावात घर न परवडणारी आपली मुलगीही असते. उद्या मोठं घर विकून लहान जागा शोधणारे आपणही असू शकतो.

सभेला त्यांच्या वतीने कोणी तरी जायला हवं. गाव आपली विषयपत्रिका आधी जाहीर करतं, आणि प्रस्तावाच्या सुनावणीत सामान्य माणसालाही बोलता येतं. भाषण ठोकायची गरज नाही. तीन प्रश्न पुरेत: इथून स्टेशन किंवा बसथांबा किती मिनिटांवर? यातली किती घरं परवडणारी, आणि किती वर्षं तशी राहणार? आणि सत्तरीतला माणूस इथून दुकानापर्यंत फुटपाथवरून पोचेल का? उत्तरं समाधानकारक असतील, तर उठून 'आमचा पाठिंबा आहे' एवढं म्हणावं. नसतील तर 'नको' म्हणण्याऐवजी 'असं करा' म्हणावं.

गणपतीला, दिवाळीला आपण शे-दोनशे माणसं सहज जमवतो. पुढच्या सुनावणीला त्यातली पाच गेली तरी बोर्डाच्या ते लक्षात येईल. घरी आई-बाबा आले असतील तर त्यांनाही सोबत न्या. गाडीतूनच न्यावं लागेल, त्याला सध्या इलाज नाही.