बाजाररस्त्यावर झाड कोणते लावावे?

पावसाळा जवळ आला की नगरपालिका व महानगरपालिका वृक्षारोपणाच्या मोहिमा हाती घेतात. ठेकेदाराची माणसे येतात, फुटपाथ फोडून खड्डे घेतात, रोपे लावतात आणि निघून जातात. ज्या दुकानासमोर ते रोप लागते त्या दुकानदाराला कोणी काही विचारत नाही आणि तोही कोणाला काही विचारत नाही. पुढे दहा-पंधरा वर्षांनी तेच झाड दुकानाची पाटी झाकते, गटार फोडते किंवा वादळात उभ्या गाडीवर कोसळते. मग तक्रारअर्ज लिहिले जातात. वास्तविक बोलण्याची वेळ खड्डा खणण्याच्या आधीची असते.

आम्ही कापडाच्या तिजारतीत उमर घालविलेली माणसे. वनस्पतिशास्त्राचा दावा आम्ही करीत नाही. परंतु माल पारखण्याचा एक कायदा आम्हाला ठाऊक आहे. कापड कितीही भपकेदार असो, ते कोणत्या कामासाठी हवे आहे हे आधी विचारावे लागते. लग्नाच्या शेरवानीचे कापड हमालाच्या सदऱ्याला चालत नाही. झाडाचेही तसेच आहे, आणि फरक असलाच तर हा की झाड पसंत पडले नाही म्हणून ते परत करता येत नाही. ते पन्नास वर्षे दारात उभे राहते.

सावली आणि धंदा

झाडाने दुकान झाकले जाते, गिऱ्हाईक येत नाही, असा समज पेठेत सर्वत्र आहे. हा हिशेब अपुरा आहे. आपल्याकडे लग्नसराई एप्रिल-मे महिन्यांत जोरात असते. याच दिवसांत मालेगाव, जळगाव, सोलापूर, नागपूर येथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो. बारा ते पाच या वेळेत उघड्या पेठेतून लहान मुले आणि वृद्ध माणसे घेऊन कोण फिरेल? ज्या रस्त्यावर सावली आहे तेथे गिऱ्हाईक थांबते, दोन दुकाने अधिक पाहते. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानाचे नुकसान तर दुहेरी असते. दर्शनी मांडलेल्या मालाचा रंग उन्हाने उडतो आणि तो माल शेवटी कमी भावाने काढावा लागतो.

याशिवाय पेठ केवळ दुकानदाराची नाही. हातगाडीवाला, हमाल, फेरीवाला, रिक्षावाला हे सर्व दिवसभर रस्त्यावरच असतात. त्यांच्यासाठी झाड हेच छप्पर होय. सम्राट अशोकाने रस्त्याच्या कडेला वड लावल्याचे आपल्या स्तंभलेखात कोरून ठेवले आणि त्याचे कारण माणसांना व जनावरांना सावली मिळावी, असे दिले. शेरशाह सूरीनेही (राज्यकाळ १५४० ते १५४५) आपल्या राजमार्गांवर सरायांबरोबर सावलीची झाडे लावली. दोघांनीही रस्त्यावर चालणाऱ्याची फिकीर प्रथम केली.

पहिला सवाल : वैशाखात पान आहे काय?

रोपवाटिकेत फुलांचे चित्र दाखवून झाड पसंत केले जाते. बहावा, पळस, पांगारा, गुलाबी टॅबेबुया ही झाडे फुलतात तेव्हा डोळ्यांचे पारणे फिटते हे खरे. पण यांतील बहुतेक झाडे फुलण्याच्या वेळी जवळजवळ निष्पर्ण असतात. म्हणजे ऊन सर्वांत कडक असते तेव्हा त्यांच्याखाली सावली नाममात्र असते. बागेत, चौकात, रस्त्याच्या दुभाजकावर ती अवश्य लावावीत. माणसे उभी राहतात तेथे मात्र वेगळे झाड हवे.

करंज आणि कडुनिंब यांची पाने उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात, परंतु एप्रिलपर्यंत नवी पालवी भरून येते आणि मे महिन्यात दाट सावली मिळते. बकुळ आणि पुत्रंजीव ही तर सदाहरित झाडे आहेत. म्हणून आमचा सल्ला असा की झाड पसंत करायचे असेल तर त्याच जातीचे मोठे झाड शहरात कोठे आहे ते शोधावे आणि मे महिन्यात भर दुपारी त्याच्याखाली जाऊन उभे राहावे. हा नमुना पाहण्यास पैसा लागत नाही.

दुसरा सवाल : जागा किती आहे?

झाडाला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. वर विजेच्या तारा, दुकानाचे छज्जे आणि मालाने भरलेले ट्रक असतात. खाली पाण्याचे नळ, गटार, टेलिफोनच्या केबली आणि इमारतीचा पाया असतो. वड, पिंपळ आणि उंबर ही मोठी गुणी झाडे आहेत, पाखरांना त्यांच्याइतका आधार दुसरे झाड देत नाही. परंतु त्यांची मुळे भिंतीत आणि गटारात शिरतात. चार फुटी फुटपाथवर ती लावणे म्हणजे झाडावर आणि इमारतीवर सारखाच जुलूम होय. त्यांची जागा मैदानात, तलावाकाठी, गावाच्या वेशीवर.

पर्जन्यवृक्षाचा विस्तार छत्रीसारखा चहूबाजूंनी पसरतो. रुंद रस्त्यावर तो शोभतो, अरुंद गल्लीत दरवर्षी एका बाजूने छाटावा लागतो. एकाच बाजूने छाटलेल्या झाडाचा तोल जातो आणि वाऱ्यापावसात ते भाराच्या बाजूला पडते.

पाटी झाकण्याच्या तक्रारीवरही उपाय आहे. रोप दुकानाच्या दारासमोर न लावता दोन दुकानांच्या मधल्या भिंतीच्या रेषेत लावावे. सरळ खोडाचे रोप घ्यावे आणि ते वाढत असताना खालच्या फांद्या थोड्याथोड्या काढून पहिली मोठी फांदी पाटीच्या वर जाऊ द्यावी. मग पाटीही दिसते आणि सावलीही मिळते.

तिसरा सवाल : खाली काय पडते?

हा सवाल कापडवाल्याला चटकन समजेल. जांभूळ हे उत्तम झाड आहे. नवी दिल्लीच्या आखणीत इंग्रजांनी रुंद हिरवळीच्या कडेला जांभळाच्या रांगा लावल्या आणि तेथील फळे पुढे ठेक्याने दिली जात आली. पण तेच झाड कापडपेठेत लावले तर जूनमध्ये फुटपाथ जांभळा होतो, माणसे घसरतात आणि पांढऱ्या कपड्यांवर न निघणारे डाग पडतात. काटेसावरीचा कापूस उन्हाळ्यात उडतो आणि दुकानातील मालावर बसतो. देशी बदामाची मोठाली पाने गटाराच्या जाळीवर साचून पहिल्या पावसातच पाणी तुंबवितात. नारळ आणि रॉयल पाम शोभेला बरे, पण नारळ किंवा वाळलेला झाप माणसाच्या डोक्यावर पडला तर जिवावर बेतते, आणि सावली दोघांचीही अगदी बेताची.

सप्तपर्णीचेही असेच. हे झाड देशी आहे, सदाहरित आहे, म्हणून अनेक शहरांत त्याच्या रांगाच्या रांगा लावल्या गेल्या. दिवाळीच्या सुमारास ते फुलते तेव्हा रात्री त्याचा वास इतका उग्र होतो की डोकेदुखीच्या तक्रारी येतात. एखादे झाड बागेत असले तर हरकत नाही. इस्पितळाच्या किंवा शाळेच्या रस्त्यावर त्याची रांग नको.

लवकर वाढणारे झाड स्वस्त पडते काय?

ठेकेदाराला लवकर वाढणारे झाड आवडते, कारण वर्षभरात काम झालेले दिसते. गुलमोहर आणि सोनमोहोर यांची गोष्ट आपल्यासमोर आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. वाढतो भराभर, फुलतो झोकात, पण लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ. पावसाळ्यात पडलेल्या झाडांच्या बातम्यांत त्याचे नाव हमखास असते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाने मुंबईत शेकडो झाडे उन्मळली. त्यात दोष केवळ जातीचा नव्हता. बुंध्याभोवती सिमेंट, खालून तोडलेली मुळे आणि वरून बेताल छाटणी हीही कारणे अशा वेळी उघडी पडतात.

सुबाभूळही झपाट्याने वाढते, पण तिचे बी इतके पडते की मोकळी जागा तीच व्यापून टाकते. अलीकडचे उदाहरण कोनोकार्पसचे. हिरवागार, कमी पाण्यावर जगणारा, भिंतीसारखा दाट वाढणारा म्हणून अनेक शहरांनी तो लावला. सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या वनविभागाने त्याची लागवड बंद केली. परागकणांमुळे सर्दी, खोकला व दम्याचा त्रास आणि मुळांमुळे केबली व सांडपाण्याच्या नळांचे नुकसान, ही कारणे त्या वेळी देण्यात आली. आधी लावण्याचा खर्च, मग काढण्याचा खर्च. असला माल स्वस्त कसा म्हणावा?

एकाच जातीवर भिस्त नको

कोणताही शहाणा व्यापारी सर्व भांडवल एकाच मालात गुंतवत नाही. रस्त्यावर मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच झाड लावण्याची हौस असते. मुंबईत २०१० नंतरच्या वर्षांत पिठ्या ढेकणाच्या उपद्रवाने पर्जन्यवृक्ष मोठ्या संख्येने वाळले. तेलंगणात २०२१ मध्ये कडुनिंबावर शेंडेमर रोग पसरला. ज्या रस्त्यावर एकच जात असेल तो रस्ता अशा वेळी एका हंगामात उघडा पडतो. तीन-चार जाती मिसळून लावल्या तर एक गेली तरी बाकीच्या उभ्या राहतात.

कोठे कोणते?

अरुंद पेठेत, जेथे वर तारा आहेत, तेथे बकुळ आणि पुत्रंजीव बरे. दोन्ही सावकाश वाढतात, पण शिस्तीने वाढतात आणि कचरा कमी करतात. मध्यम रुंदीच्या रस्त्यावर करंज आणि कडुनिंब लावावेत. कोरड्या हवेच्या खानदेश, मराठवाडा, सोलापूर भागांत कडुनिंबासारखा साथीदार नाही. महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेली ताम्हण पाण्याची सोय असेल तेथे लावावी. रुंद रस्ते, बसस्थानके आणि बाजार समितीची आवारे येथे चिंच लावावी. तिचे लाकूड चिवट असते आणि वादळाला ती सहसा दाद देत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यात उंडी आणि परसभेंडी टिकतात.

मस्जिदीच्या अंगणात झाड लावताना हौजापासून अंतर ठेवावे, नाहीतर पानगळ पाण्यात जाते. तेथे बकुळ सर्वांत सोयीची. कब्रस्तानात झाडे कडेच्या भिंतीलगत, पण भिंतीपासून थोडी आत लावावीत. मधल्या जागेत लावली तर पुढे मुळांमुळे खोदकाम अवघड होते. शाळेच्या मैदानात मात्र जांभूळ, चिंच, आवळा खुशाल लावावेत. मुलांना सावलीबरोबर फळेही मिळतील.

लावल्यानंतरची जबाबदारी

खड्डा निदान तीन फूट लांब, रुंद आणि खोल असावा. त्यात फुटपाथची राडारोडा न भरता चांगली माती आणि शेणखत भरावे. दोन-तीन उन्हाळे पाणी घालावे लागते. प्रत्येक दुकानाने सकाळी एक बादली पाणी दिले तर टँकरची गरज राहत नाही. लोखंडी जाळी खोड जाड झाल्यावर काढावी, नाहीतर ती सालीत रुतते. खिळे, फलक, विजेच्या माळा खोडावर ठोकू नयेत. बुंध्याभोवती सिमेंट करू देऊ नये. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांबाबत बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तोच माप आपणही धरावा. छाटणी पावसाळ्यापूर्वी, जाणकाराकडून आणि चारी बाजूंचा तोल सांभाळून व्हावी.

कायद्याचीही माहिती असावी. महाराष्ट्राच्या शहरी भागांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीविना झाड तोडता येत नाही, मग ते स्वतःच्या आवारातले का असेना. झाड जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे हेही तोडण्यातच धरले जाते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसावृक्षाचा दर्जा मिळाला आहे. दुकान झाकते म्हणून रात्री बुंध्यात तेजाब ओतण्याचे प्रकार काही ठिकाणी घडतात, ही शरमेची बाब आहे. हा गुन्हा तर आहेच, शिवाय आतून पोखरलेले झाड कोणाच्या डोक्यावर पडेल याचा नेम नाही.

व्यापारी बांधवांना आमची विनंती एवढीच की यंदा मोहिमेची वाट पाहू नका. आपल्या पेठेच्या संघटनेने मे महिन्यातच एक लेखी अर्ज उद्यान विभागाला द्यावा. रस्त्याची रुंदी, तारा कोणत्या बाजूला आहेत, गटार कोठून जाते, आणि कोणती तीन-चार झाडे हवीत, हे त्यात स्पष्ट लिहावे. पाणी घालण्याची जबाबदारी आम्ही घेतो, असेही लिहावे. अर्जाची पोच घेऊन ती जपून ठेवावी. जो पाण्याची हमी देतो त्याला झाड मागण्याचा हक्क राहतो, आणि त्याच्या मागणीला कचेरीतही वजन येते.