मधलं घर (९) : कडी कोणत्या बाजूला?

गेल्या आठवड्यात खर्चाचा हिशेब मांडतो असं कबूल केलं होतं. भाडं, किराणा, विजेचं बिल, एका बाईमागे महिन्याला किती, असा कागदही तयार होता. पण मंगळवारी सांगलीहून एक पत्र आलं आणि तो कागद वहीतच राहिला. पत्र लिहिणाऱ्या बाई सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, आता निवृत्त आहेत. त्यांचा प्रश्न दोन ओळींचा. ऑक्सफर्ड हाउसमध्ये, म्हणजे व्यसन सोडलेले लोक वॉर्डनविना मिळून चालवतात त्या अमेरिकेतल्या घरांत, राहणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात घराची किल्ली असते, हे पुरुषांपुरतं ठीक आहे. पण रस्त्यावरून आलेल्या, दारू नुकती सुटलेल्या बाईच्या हातात तुम्ही किल्ली द्याल का?

देईन. पण किल्लीच्या आधी कडी द्यायला हवी. आजचा लेख तेवढ्यावरच आहे. हिशेबवाल्यांनी आठवडाभर माफ करावं.

आपल्याकडे किल्ली म्हणजे सत्ता. सासूच्या कमरेचा जुडगा सुनेच्या कमरेला यायला निम्मा संसार सरायचा. त्यामुळे बाईला घर मिळालं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी किल्ली येते. पण किल्लीचं काम घरातून बाहेर पडताना. जी बाई चार वर्षं पुलाखाली झोपली, तिला बाहेर पडण्याची अडचण कधीच नव्हती. तिच्याकडे नव्हतं ते आतून लावता येईल असं दार.

हे मला फार उशिरा कळलं, आणि चूक करून कळलं. व्यसनातून उठणाऱ्या बायकांच्या एका छोट्या घराचे हिशेब मी काही वर्षं पाहत असे. नाव सांगत नाही, कारण चूक निम्मी माझी होती. घर सुरू होताना नियम कुठून आणायचे हा प्रश्न आला. उपचार केंद्राचे नियम हाताशी होते, तेच उचलले. त्यातला एक नियम असा, की खोल्यांच्या आणि न्हाणीघराच्या दारांना आतून कडी नको. मला तो इतका शहाणपणाचा वाटला, की सुताराच्या मजुरीच्या व्हाउचरवर मी डोळे झाकून सही केली.

उपचार केंद्रात तो नियम शहाणपणाचाच आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम थांबली, की साधारण सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत केव्हाही फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, हातपाय थरथरतात, ताप चढतो, आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर माणूस जातोही. गर्दवाले ज्याला ‘टर्की’ म्हणतात ती अवस्था वेगळी. तिच्यात अंग मोडून निघतं, पण जीव जाण्याची भीती त्या मानाने कमी. अशा दिवसांत बंद दारामागे कुणी पडलं तर दार फोडावं लागेल. म्हणून कडी नको. सांगलीच्या बाईंना हे मी सांगायला नको, त्यांनी अशा रात्री माझ्यापेक्षा जास्त काढल्या असतील.

पण मधल्या घरात, म्हणजे उपचार केंद्र आणि स्वतःचं घर यांच्यामधल्या घरात, येणारी बाई तो घाट ओलांडून आलेली असते. तिची शेवटची दारू दोन-तीन महिन्यांपूर्वीची. आम्ही चौथ्या दिवसाचा नियम नव्वदाव्या दिवसाला लावून ठेवला होता.

त्या घरात एक बाई होत्या. रोज रात्री त्या आपली पत्र्याची पेटी सरकवत दाराला टेकवायच्या आणि तिच्यावर पाय ठेवून झोपायच्या. घर सांभाळणाऱ्या ताईंना वाटलं, पेटीत बाटली असणार. दोनदा झडती झाली. पेटीत दोन साड्या, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि बिस्किटांचा पुडा. मी महिनाअखेरीला वह्या घेऊन गेलो तेव्हा फरशीवर ओरखडे दिसले, पलंगापासून थेट दारापर्यंत, एकावर एक. फरशी खराब होते म्हणून मी तक्रारच केली. त्यावर दुसरी एक बाई भाजी निवडता निवडता म्हणाली, “साहेब, तुम्ही कडी काढलीत. तिनं तिची आणली.”

व्यसन सोडणाऱ्यांच्या बाबतीत झोप हा स्वतंत्र विषय आहे. दारू थांबल्यावर झोपेची घडी बसायला आठवडे, कधी महिने लागतात. झोप नाही म्हणून ‘स्लिप’ झालेले, म्हणजे पुन्हा नशेकडे वळलेले लोक या क्षेत्रात कुणालाही विचारा, नावंच्या नावं सांगतील. रस्त्यावरच्या बाईचं याहून अवघड. तिथे रात्री गाढ झोपणं परवडत नाही. कोण कधी अंगाला हात लावेल याचा नेम नसतो, म्हणून पहाटेपर्यंत जागं राहायचं आणि उजेडात गर्दीच्या ठिकाणी डुलक्या घ्यायच्या. काहीजणी जागं राहायला तंबाखू-मिश्री लावतात, काहीजणी भीती बोथट व्हावी म्हणून देशी घेतात. म्हणजे तिच्या नशेतला काही भाग हे तिचं दारच होतं. ते आपण काढून घेतो आणि बदल्यात बिनकडीची खोली देतो.

इथे मला जेन केकब्रेड आठवते. लंडनची ही बेघर बाई १८९० च्या दशकात इंग्रजी वर्तमानपत्रांचं गिऱ्हाईक झाली होती. दारू पिऊन रस्त्यावर गोंधळ घातला म्हणून अडीचशेहून जास्त वेळा तिला शिक्षा झाली. उघड्यावर झोपायची, पकडली जायची, तुरुंगात थोडे दिवस काढून पुन्हा बाहेर. लोक हसायचे. हसल्या नाहीत त्या लेडी हेन्री सॉमरसेट. नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या आणि मुलाचा ताबा कोर्टात लढून मिळवला, म्हणून उच्चभ्रू समाजानं या बाईंना वाळीत टाकलं होतं. दार बंद होणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी १८९५ मध्ये सरे परगण्यात डक्सहर्स्टला दारूच्या आहारी गेलेल्या बायकांसाठी वसाहत काढली. मोठी इमारत न बांधता छोटी छोटी घरं, प्रत्येक घरात मोजक्या बायका आणि एक परिचारिका, बागेत आणि शेतात काम, मुलांनाही जवळ ठेवायची सोय. बाईनं निदान वर्षभर राहावं ही अपेक्षा. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणाला हे सुचलं याचं मला अजून नवल वाटतं.

सॉमरसेटबाईंनी जेनलाही तिथे नेलं. जमलं नाही. काही महिन्यांतच ती बाहेर पडली, पुढे तिला वेडी ठरवून इस्पितळात ठेवलं आणि तिथेच ती वारली. तिच्यासारख्यांना पुन्हा पुन्हा तुरुंगात पाठवण्यात अर्थ नाही हे लोकांना पटलं, आणि १८९८ चा दारुड्यांविषयीचा कायदा व्हायला तिच्या गाजलेल्या प्रकरणाचाही हातभार लागला. जेनची गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण या लेखमालेत घर मिळालं आणि बाई सुधारली अशा गोष्टी फार होऊ लागल्यात. चांगलं घरही कधी कधी पुरत नाही.

सॉमरसेटबाईंची जिवलग मैत्रीण म्हणजे अमेरिकेतल्या दारूबंदीवाल्या स्त्रियांच्या संघटनेच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड. या विलर्डबाईंशी आपल्या पंडिता रमाबाईंची ओळख अमेरिकेत झाली होती, आणि १८८९ मध्ये निघालेल्या रमाबाईंच्या प्रवासवृत्तात त्या संघटनेविषयी कौतुकानं लिहिलेलं आहे. त्याच वर्षी मुंबईत रमाबाईंचं शारदा सदन निघालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. पुण्यात वाद पेटला तो एका दारावरूनच. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करताना दार उघडं ठेवत आणि मुली येऊन बसत. बंद ठेवा म्हणणारे एकीकडे, माझ्या खोलीचं दार मी का लावू म्हणणाऱ्या रमाबाई दुसरीकडे. शेवटी १८९३ मध्ये रानडे, भांडारकर ही सल्लागार मंडळी बाजूला झाली. वाद धर्मांतराचा होता, मला मान्य. तरीपण निराश्रित बायकांच्या घरात कोणतं दार कोणी लावायचं, यावर महाराष्ट्राचं इतकं मोठं भांडण झालेलं आहे, हे विसरू नये.

आता सांगलीच्या बाईंचा मूळ प्रश्न, किल्लीचा. लॉस एंजेलिसच्या सुझन बर्टन यांचं नाव मागे एकदा ओझरतं आलं होतं. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गाडीखाली सापडून गेला. दुःखात दारू, मग क्रॅक, मग तुरुंगाच्या फेऱ्या. १९९७ मध्ये सांता मोनिकासारख्या सुखवस्तू भागातल्या केंद्रात उपचार मिळाले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की श्रीमंत वस्तीत असं काही मिळतं आणि आपल्या वस्तीत फक्त बेडी मिळते. दुसऱ्याच वर्षी त्यांनी वॉट्स भागातल्या एका लहान घरात बायकांना ठेवायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियात तुरुंगातून सुटताना हातावर २०० डॉलर ठेवतात आणि बस पकडायला सांगतात. ती बस उतरवते स्किड रो या बेघरांच्या वस्तीजवळ, जिथे माल विकणारे आणि बायका विकणारे दोघेही वाट बघत असतात. बर्टन त्यांच्या आधी स्टँडवर जाऊन उभ्या राहायच्या. एका खोलीत दोन मजली पलंग, पण पत्ता स्वतःचा.

पत्त्याची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको. आधार, बँकेचं खातं, रेशन, पोराच्या शाळेचा दाखला, सगळीकडे पहिला रकाना तोच. आणि किल्ली म्हणजे पत्त्याचा खरेपणा. रात्री नऊला फाटक बंद करणाऱ्या घराचा पत्ता फॉर्मवर लिहिता येतो, पण हॉटेलात भांडी घासून साडेअकराला सुटणाऱ्या बाईला तो उपयोगाचा नाही. ती एक तर काम सोडते, नाहीतर घर.

“पुरुषांपुरतं ठीक आहे” याला मात्र माझ्याकडे आकडा आहे. इलिनॉयमध्ये उपचार संपवून बाहेर पडणाऱ्या १५० जणांचा अभ्यास झाला, तो २००६ मध्ये छापून आला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. निम्म्यांना ऑक्सफर्ड हाउसमध्ये पाठवलं, निम्म्यांना नेहमीची देखभाल. दोन वर्षांनी नेहमीच्या गटातले ६५ टक्के पुन्हा नशा करत होते, ऑक्सफर्ड हाउसच्या गटातले ३१ टक्के. या १५० जणांत बायका निम्म्याहून जास्त होत्या. वॉर्डन नाही, पहारेकरी नाही, प्रत्येकीकडे किल्ली, आणि तरी हा निकाल.

पण त्या घरांचा दुसरा नियम मला बोचतो. ‘स्लिप’ झाली की मतदान, आणि सामान बाहेर. पुरुष बाहेर पडला तर भावाच्या ओसरीवर चार रात्री काढतो. दारू पिणाऱ्या बाईला माहेरची ओसरी नसते. आपल्याकडे तर तिची गणतीही नीट होत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारू पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण २७.३ टक्के आणि बायकांचं १.६ टक्के आलं. या आकड्याकडे बघून खाटा टाकल्या तर बाईची खाट शेवटी येणारच. १९८६ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या मुक्तांगणनं पुढे बायकांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग काढला, तशी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये शहरांत लाख वस्तीमागे एक रात्रंदिवस उघडा निवारा हवा असं बजावलं, पण निवाऱ्यात प्यायलेल्या बाईला घेतीलच असं नाही, आणि उपचार केंद्र महिना-पस्तीस दिवसांनी हातात पिशवी देतं. मग बाहेर काढलेली बाई जाणार कुठे? घरातल्या बाकीच्या बायकांना दारूच्या वासापासून जपायचं, हेही खरं. माझं मत एवढंच, की घराबाहेर काढा, पण रस्त्यावर नको. मधे आणखी एक खाट लागते. तिच्यावर स्वतंत्र भाग लिहीन.

सांगलीच्या बाईंनी पत्राच्या शेवटी विचारलंय, कडी लावून आत कुणी बेशुद्ध पडली तर? याला उत्तर सुतारकामात आहे. न्हाणीघराचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं बसवावं. आत उघडणाऱ्या दाराला टेकून माणूस पडला तर बाहेरून ढकलता येत नाही. आणि कडी अशी घ्यावी, जी आतून लागते पण बाहेरच्या खाचेत रुपयाचं नाणं घालून फिरवली की उघडते. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, नाव आठवलं नाही तर “बाहेरून नाण्यानं उघडणारी” म्हणा, दुकानदाराला कळतं. नाणं ताईंकडे. वापरलं की वहीत नोंद, आणि त्या बाईला दुसऱ्या दिवशी सांगायचं, की रात्री आम्ही दार उघडलं होतं.

आमच्या घरात शेवटी तशाच कड्या बसवल्या. पेटीवाल्या बाईंनी पहिले आठ-दहा दिवस कडीही लावली आणि पेटीही सरकवली. पुढे पेटी पलंगाखाली गेली. ओरखडे राहिले, फरशी बदलायला पैसे नव्हते.

खर्चाचा भाग पुढच्या आठवड्यात नक्की, मधे आणखी कुणाचं पत्र आलं नाही तर. सुरुवातीच्या दोन ओळी आजच देऊन टाकतो, कारण त्या वहीत खरोखर अशाच, सात महिन्यांच्या अंतरानं पडल्या आहेत आणि दोन्हींखाली सही माझी आहे : सुतार, कड्या काढण्याची मजुरी. सुतार, कड्या बसवण्याची मजुरी.